बापाचा धर्म आणि मुलाचे मन : एका मराठी ख्रिस्ती घराचा इतिहास

१८४३ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एका ब्राह्मण बापाने आपला धाकटा मुलगा परत मागितला. थोरला नारायण शेषाद्री वयात आलेला होता. त्याने स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात बाप्तिस्मा घेतला होता आणि त्याच्याविषयी काही करणे बापाच्या हाती उरले नव्हते. धाकटा श्रीपत मात्र जेमतेम बारा वर्षांचा. तो भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला होता. मिशनऱ्यांचे म्हणणे असे की, मुलगा स्वतःच्या समजुतीने आला आहे. कोर्टाने ते मानले नाही. मुलगा लहान आहे, तेव्हा त्याचा ताबा बापाचा, असा निकाल झाला आणि श्रीपत घरी परतला.

पण घरी परतला म्हणजे जातीत परतला असे झाले नाही. तो परधर्मीयांत जेवला-राहिला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा पंक्तीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. कायद्याने मुलगा बापाला मिळाला. समाज मात्र त्या मुलाला बापाच्या पानाशेजारी बसू देण्यास तयार नव्हता.

श्रीपत शेषाद्री प्रकरण आपल्याकडे सांगितले जाते ते बहुधा शुद्धीच्या चळवळीचा आरंभ म्हणून किंवा जांभेकरांच्या धैर्याचा दाखला म्हणून. प्रस्तुत लेखात त्याकडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. मुलाचा धर्म कोणाचा? बापाचा, मुलाचा, की जातीचा? एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने हा प्रश्न कोर्टात नेला, वर्तमानपत्रांत नेला, पंक्तीत नेला. पुढे याच प्रश्नाने एक वेगळे वळण घेतले. बापाचा धर्म सोडून गेलेली ही मुले यथावकाश स्वतः बाप झाली. आपल्या बापाचा जो हक्क त्यांनी नाकारला होता, तोच हक्क त्यांनी आपल्या मुलांवर सांगायचा होता काय? या दुसऱ्या प्रश्नाची नोंद कोर्टाच्या कागदांत सापडत नाही. ती घरांत शोधावी लागते. मराठीत असे एक घर पूर्ण तपशिलानिशी आपल्यापुढे उघडे आहे, ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे.

कायद्याच्या नजरेतला बाप

त्या घरात शिरण्याआधी कायद्याची चौकट समजून घेणे उपयोगाचे ठरेल. शेषाद्री खटल्याच्या चारच वर्षे आधी, १८३९ मध्ये, धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला आणि मुंबईत मोठी खळबळ उडाली. ते प्रकरणही कोर्टात गेले. पण धनजीभाई सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याला स्वतःचे बरेवाईट कळते असे मानून कोर्टाने त्याला निवडीची मोकळीक दिली. या दोन खटल्यांतून मुंबईकरांना एक हिशेब कळला : समज येण्याचे वय हीच सीमारेषा. तिच्या अलीकडे मुलगा बापाचा, पलीकडे तो स्वतःचा.

पुढे १८५० चा एकविसावा कायदा आला. धर्म किंवा जात सोडल्याने वारसाहक्क जात नाही, असे त्याने ठरवले. बंगाल आणि मद्रासकडून त्याविरुद्ध अर्ज गेले, कारण त्याने बापाच्या हातातले मोठे शस्त्र काढून घेतले होते. पोराने धर्म सोडला तर वडिलार्जित इस्टेटीतून त्याला बेदखल करण्याची धमकी आता चालणार नव्हती. उरले ते सामाजिक शस्त्र, जिवंत माणसाचे घटश्राद्ध घालण्याचे. १८६६ मध्ये ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहांसाठी वेगळा कायदा झाला. जोडीदार धर्मभेदामुळे नांदायला तयार नसेल, तर ठरावीक मुदतीनंतर कोर्टाकडून विवाह मोडून घेण्याची सोय त्यात होती. बाबा पदमनजींसारख्यांनी जे भोगले होते, त्याची ही कायद्याने घेतलेली दखल म्हणता येईल. पदमनजी १८५४ मध्ये बेळगावात ख्रिस्ती झाले आणि सासरच्या माणसांनी त्यांच्या पत्नीला त्यांच्याकडे येऊ दिले नाही.

आणि मुलांचे काय? १८७१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने स्किनर विरुद्ध ऑर्ड या खटल्यात एक तत्त्व स्पष्ट केले. वडील ख्रिस्ती होते, ते वारले. आईने पुढे मुसलमानी पद्धतीने दुसरा संसार मांडला. मुलीला कोणत्या धर्मात वाढवायचे, हा वाद होता. कौन्सिलने म्हटले, मूल बापाच्या धर्माचे आहे असेच भारतातला कायदा गृहीत धरतो. आईकडून पालकत्व काढून घेण्यात आले.

म्हणजे १८९० च्या सुमारास एखादा ब्राह्मण ख्रिस्ती झाला, तर कायदा त्याच्या बाजूने चांगलाच भक्कम उभा होता. वारसा शाबूत, नको असलेला विवाह मोडण्याची वाट खुली आणि अज्ञान मुलावर बापाचा पहिला हक्क. मिशनऱ्यांविरुद्ध हिंदू बापांनी वापरलेले तत्त्वच आता ख्रिस्ती बापाच्या कामी येऊ शकत होते.

चार वर्षांचा दत्तू

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील कडक आणि तापट, आई मृदू. आई लवकर गेली आणि पोरवयातच टिळकांनी घर सोडून नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. बापाशी नाते तुटलेला हा मुलगा पुढे मराठीत ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखला जावा, यात थोडेफार कार्यकारण असावे असे वाटते. १८८० च्या सुमारास जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचे लग्न झाले. तीच लक्ष्मीबाई. माहेरी वडिलांचे सोवळे पराकोटीचे. सासरी असा नवरा की पैसा हातात आला तर तो घरापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही.

१८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई माहेरच्या नातलगांत होत्या आणि त्यांच्यापाशी दत्तू होता, १८९१ मध्ये जन्मलेला, आधीची मुले गमावल्यावर हाती लागलेला एकुलता मुलगा. वय चार.

इथे टिळकांपुढे जी वाट होती ती वर सांगितलेल्या कायद्याने आखून ठेवली होती. मुलगा मागता आला असता. पत्नी येत नसेल तर १८६६ च्या कायद्याचा आधार घेऊन मोकळेही होता आले असते. नातलगांना धास्ती होती ती याच गोष्टींची. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपल्याला दिसते ते मात्र निराळे : पत्रे, रुसवे, मध्यस्थ, अवघडलेल्या भेटी आणि एका शीघ्रकोपी माणसाने घातलेला स्वतःला आवर. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला त्या काळात कवितेची वाट फुटली. टिळकांनी दुसरा संसार मांडला नाही, मुलासाठी कोर्टाची पायरी चढले नाहीत. ते थांबले.

या थांबण्याचा अर्थ केवळ चांगुलपणा असा लावणे पुरेसे नाही. टिळकांनी स्वतः आपला धर्म जन्माच्या आधारावर मानला नव्हता. वाचून, भांडून, जिवाची तगमग करून तो घेतला होता. श्रद्धा ही स्वतःच्या शोधाने यावी लागते, हे ज्याने घरदार पणाला लावून सिद्ध केले, त्याने मुलाला ‘तू माझा म्हणून तू ख्रिस्ती’ असे सांगणे म्हणजे आपलाच पाया खणणे होते. कायदा म्हणत होता, मूल बापाच्या धर्माचे. टिळकांचे आयुष्य याच्या उलट साक्ष देत होते.

एका घरात दोन चुली

काही वर्षांनी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरकडे टिळकांपाशी आल्या. ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्यापाशी राहायला. सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे सांभाळले, स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले. ज्या घरातला पुरुष धर्मोपदेशाचे काम करत होता, त्याच घरात त्याची पत्नी त्याच्या हातचे पाणी पीत नव्हती. बाहेरच्या मिशनमंडळींना हे चमत्कारिक वाटले असणार. टिळक वाद घालत, चिडत, हसत. पण चूल एक करण्याची सक्ती त्यांनी केली नाही.

दत्तूच्या दृष्टीने या दिवसांचे महत्त्व फार आहे. त्याने आपले बालपण एकाच छपराखाली दोन धर्मांत काढले. आईची देवपूजा आणि बापाची प्रार्थना त्याच्यासमोर शेजारी शेजारी चालत होती. कोणते खरे, हे त्याच्यासाठी कोणी कोर्टात ठरवले नव्हते. पुढे राहुरीला जाताना मनाशी चाललेल्या विचारांतून जातिभेदाची कल्पना आपल्या मनातून कशी गळून पडली, हे लक्ष्मीबाईंनी सांगितले आहे. तो निर्णय त्या आपला म्हणून सांगतात, नवऱ्याचा म्हणून नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याच दशकात पुण्यात घडलेली एक गोष्ट शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. १८८९ मध्ये त्यांनी काढलेले शारदासदन हिंदू विधवांसाठी होते आणि तिथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत. दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणाला बोलावत नाही, पण मी माझा धर्म दाराआड लपवणार नाही. पालकांचे म्हणणे असे की, लहान मनावर उघड्या दाराचाही दाब असतोच.

दोन्ही बाजूंत तथ्य होते, हे आज शांतपणे मान्य करता येते. आईबाप जे करतात ते पाहणे हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षण असते, आणि पाहण्यालाही वजन असते. टिळकांच्या घराचा वेगळेपणा एवढाच की, तिथे दार दोन्ही बाजूंनी उघडे होते. दत्तूला बापाची श्रद्धा दिसली, तशी बापाला न जुमानणारी आईची श्रद्धाही दिसली.

नाव, गाणे, अंगण

ख्रिस्ती होणारे पुष्कळ लोक त्या काळी बायबलातली नावे घेत. टिळकांनी आपले नारायण हे नाव बदलले नाही. पत्नी लक्ष्मीच राहिली, मुलगा देवदत्तच राहिला. गोष्ट लहान दिसते, पण बाप म्हणून घेतलेला तो मोठा निर्णय होता. नाव बदलले की मुलगा गल्लीतल्या इतर पोरांपासून त्याच दिवशी वेगळा पडतो. टिळकांना मुलगा ख्रिस्ती हवा होता आणि तो मराठीही हवा होता. यांतले एक देऊन दुसरे घ्यावे लागते, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांची ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीतून वाहिली, उपदेश कीर्तनातून झाला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची धारणा होती. ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी सांभाळली, आणि त्याच वेळी मराठीतल्या साऱ्या नव्या कवींशी त्यांचे घरोब्याचे नाते होते. संसार हा कवितेचा विषय होऊ शकतो, हे दाखवणाऱ्यांत ते पहिल्या फळीतले. ‘माझी भार्या’, ‘बापाचे अश्रू’ ही शीर्षकेच त्याची साक्ष देतात.

१९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे याने सगळ्यांना चकित केले. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. टिळक पतिपत्नींनी हा मुलगा आपल्या नगरच्या घरी आणला आणि पोटच्या मुलासारखा वागवला. देवदत्त आणि ठोमरे जवळपास एकाच वयाचे. ज्या घराचा कर्ता १९०४ पासून दीक्षित पाळक होता, त्या घरात हा ब्राह्मणाचा मुलगा राहिला, जेवला, कविता लिहू लागला आणि हिंदूच राहिला. टिळकांनी त्याला कविता दिली, आसरा दिला. धर्म त्याच्यापुढे होता. तो घेण्याची अट नव्हती. लक्ष्मीबाईंनी बालकवींविषयी जे लिहिले आहे त्यात एका आईचा राग-लोभ आहे. धर्मांतराचा हिशेब नाही.

येथे १८४३ ची आठवण अपरिहार्यपणे होते. श्रीपत शेषाद्रीला मिशनऱ्यांच्या घरी राहिल्यावर ब्राह्मणांच्या पंक्तीची दारे बंद झाली होती. चौसष्ट वर्षांनी एक ब्राह्मण मुलगा पाळकाच्या घरी राहून बालकवी म्हणून महाराष्ट्रात मिरवला. काळ बदलला होता हे खरेच. पण काळ आपोआप बदलत नाही. तो काही घरांच्या अंगणांत आधी बदलतो.

उण्या बाजू

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकली तर इतिहास राहणार नाही, स्तोत्र होईल. टिळक सोपे बाप नव्हते. कधी घरात असत, कधी मनाने नसत. अंगावरची वस्तू काढून देणारा माणूस जगाला संत वाटतो. महिनाअखेरीस वाणसामानाचा विचार करणाऱ्या बाईला तो निराळा दिसतो. लक्ष्मीबाईंनी हे सगळे हसत लिहिले आहे, पण त्या हसण्याखाली उपाशी दिवसांची जाणीव आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. पगारावर धर्म सांगणे त्यांना सोसेना. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र बसावेत, ही कल्पना होती.

ही कल्पना म्हणजे त्यांच्या घराचाच विस्तार होता, असे आपण म्हणू शकतो. जन्म, कुळी, विधी यांपेक्षा ओढ मोठी, हे त्यांनी घरात करून पाहिले होते. पण उतारवयात ठरलेला पगार सोडण्याची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. ती कुटुंबाने मोजली. ध्येयवादी बापांच्या मुलांना बहुधा दुहेरी वारसा मिळतो. बापाच्या श्रद्धेचा अभिमान, आणि त्या श्रद्धेने रिकामा केलेला डबा. गांधीयुगातल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. ती एका धर्माची नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्याच्या आदल्या वर्षी, ५ मे १९१८ रोजी, भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले होते. एका वर्षाच्या अंतराने घरातला मानलेला मुलगा गेला आणि बापही गेला. दरबार मागे फार टिकला नाही.

मुलाचे उत्तर

बापाने मुलावर धर्माचा हक्क सांगितला नाही, याचे फलित काय, हे अखेर मुलाच्या वागण्यातूनच कळणार. देवदत्त नारायण टिळकांनी वडिलांचे चरित्र लिहिण्याचे मनात घेतले आणि आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. त्या टिपणांतून ‘स्मृतिचित्रे’ उभे राहिले. देवदत्तांच्याच ‘संजीवनी’त ते क्रमशः आले आणि १९३४ पासून पुस्तकरूपाने निघू लागले. मुलाने बापाचे चरित्र मागितले होते. आईने बापाला माणूस म्हणून उभे केले, त्याच्या रागासकट आणि विसरभोळेपणासकट. मुलाने त्यातले काही दडपले नाही, छापले. पाळकाच्या मुलाला वडिलांची मूर्ती जपण्याचा मोह पडणे साहजिक होते. तो देवदत्तांना पडला नाही, यातच त्या घरातल्या मोकळेपणाची परीक्षा आहे. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता; तो देवदत्तांनी पुरा केला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण, साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली.

दुसरा पुरावा ‘ख्रिस्तायना’चा. मराठीत ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याची परंपरा १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’ने घातली होती. टिळकांनी त्याच धर्तीचे महाकाव्य आरंभले आणि पहिले काही अध्याय लिहून ते गेले. लिहिता-वाचता बेताचेच येणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. अखेरचा अध्याय देवदत्तांचा आहे. १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

स्किनर खटल्यात कायद्याने जे गृहीत धरले होते, ते या घरात घडलेलेच दिसते : मुलगा बापाच्याच धर्माचा झाला. फरक आहे तो वाटेचा. कायद्याचे गृहीत जन्माच्या दिवशी पूर्ण होते. इथे आईने पाच वर्षे लांब राहून, वेगळी चूल मांडून, मग आपल्या पायांनी चालत येऊन ते स्वीकारले. मुलाने दोघांना पाहत वाढून ते स्वीकारले. आणि ज्याने घरात राहून ते स्वीकारले नाही, त्या ठोमऱ्याचेही पान त्याच पंक्तीत होते.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. पण घटना घराच्या उंबऱ्यापर्यंतच येऊ शकते. आत काय घडेल हे आईबापांवर सोडलेले असते. आपली श्रद्धा मुलांना द्यावी अशी इच्छा असणे गैर नाही. ज्याला आपली श्रद्धा मोलाची वाटते त्याला ती इच्छा होणारच. नास्तिक बापालाही आपला विवेक मुलात उतरावा असे वाटते. आजूबाजूला शंभर आवाज असलेल्या समाजात, शाळेत, बाजारात, मित्रांत वावरणाऱ्या मुलाला ती द्यायची कशी, हाच प्रश्न आहे. टिळकांच्या घराने त्याचे जे उत्तर दिले त्यात सोय फारशी नाही. त्यात वाट पाहणे आहे, स्वतःच्याच घरात नकार ऐकणे आहे, आणि जो आपल्यासारखा होणार नाही त्यालाही जेवू घालणे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कोर्टांना हे कोणत्याही निकालपत्रात लिहिता आले नसते. ते लिहायला एक सोवळ्यातून बाहेर आलेली बाई लागली, आणि तिला ‘आई, तू लिही’ म्हणणारा मुलगा लागला.